तीन तास मागे, चौदा तास पुढे

"सुटलं एकदाचं!" निरंजन कॉम्प्युटरसमोरून ओरडला. "मुंबईहून अगदी वेळेवर. आता तीन तासांत दुबई. तिथं थोडा मुक्काम, मग चौदा तास एका दमात, की टोरांटो. उद्या दुपारच्या चहाला सासूबाई हजर."

मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. नववा महिना, पायांचे नुसते खांब झालेले, त्यात रक्तदाब चढा. डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, मीठ खायचं नाही आणि मनाला लावून घ्यायचं नाही. मीठ सोडणं सोपं होतं. आदल्या खेपेला सातव्या महिन्यात मूल हाती लागलं नव्हतं. तेव्हा इस्पितळात मी आणि निरंजन दोघंच होतो, आणि आई कराडला फोनचा रिसीव्हर धरून रडत होती. या खेपेला ती म्हणाली होती, "काही होवो, मी तिथं असणार. विमानाच्या दांडीला लटकून यावं लागलं तरी येईन."

बाई बोलायला अशी शूर, पण लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत माझ्या आणि दादाच्या वेळच्या बाळंतपणांखेरीज अण्णांना सोडून एक रात्र कुठे राहिली नव्हती. दादा तर लहानपणीच तापानं गेला, त्यामुळे मी एकटीच. अण्णा कराडच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास बंद केला. आई पाऊल मागे घ्यायला लागली तेव्हा अण्णांनीच तिची बॅग भरायला घेतली. मला फोनवर म्हणाले, "तिला धाडतोय बघ. माझ्या जेवणाची काळजी करू नका. वसंताची बायको डबा देणार आहे, आणि तिच्या हातचं तुझ्या आईपेक्षा बरं असतं." मागून आईनं काहीतरी तिखट ऐकवलं, ते मला नीट ऐकू आलं नाही.

विमान सुटून तास-दीड तास झाला असेल. जूनमधली संध्याकाळ, बाहेर चांगला उजेड होता. फोन वाजला. वसंतकाका, अण्णांचे धाकटे भाऊ. कराडला तेव्हा जेमतेम उजाडलं असणार.

"हेमा, निरंजनराव आहेत का जवळ?"

आपल्याकडची माणसं जावयाला पहिल्यांदा केव्हा बोलावतात, हे काय मला कळत नाही? "काका, काय ते मलाच सांगा."

काका म्हणाले, "दूधवाल्यानं कडी वाजवली, दार उघडलं नाही. त्यानं मला हाक मारली. अण्णा झोपेतच गेले बघ. चेहरा अगदी शांत आहे."

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. निरंजननं फोन घेतला, मला धरून बसवलं, पाणी दिलं. तो काकांशी हळू आवाजात बोलत होता आणि मी समोरच्या पडद्याकडे बघत होते. समुद्राच्या निळ्या चौकोनात एक इवलंसं विमान. त्यात माझी आई, मांडीवर पर्स घट्ट धरून, शेजारच्या माणसाला कराडचा पत्ता सांगत असणार. तिला विधवा होऊन तीन-चार तास झाले असतील आणि सबंध जगात ते फक्त तिलाच ठाऊक नव्हतं.

"हेमा, काका विचारताहेत, थांबायचं का," निरंजन म्हणाला.

मी फोन घेतला. काका खरंच चांगला माणूस. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. "हे बघ, वहिनी टोरांटोला उतरून परत फिरल्या तर घरी यायला परवाची रात्र, नाहीतर तेरवाची सकाळ. तोवर ठेवणं म्हणजे मिरजेला इस्पितळाच्या शीतगृहात न्यावं लागेल. उन्हाचा कहर आहे, त्यांचे हाल होतील. पण त्यांना दुबईतच कोणी सांगितलं आणि तिथनंच उलट्या पावली फिरवलं, तर दुपारी मुंबई. मी गाडी घेऊन जातो. रात्री दिवेलागणीनंतर घरात. तेवढं मी थांबवतो, कोण काय म्हणतंय बघतो. तू सांग."

"दुबईत कोण सांगणार, काका?"

"ते तुम्ही बघायचं. मी इथं बसून काय सांगू?"

मी आणि निरंजननं एकमेकांकडे बघितलं. विमान कंपनीला फोन करायचा, म्हणजे कुणीतरी परकी मुलगी गणवेषात येणार, कागदावरचं नाव वाचणार आणि इंग्रजीत सांगणार. आईला इंग्रजी येत नाही. हिंदी येतं, तेही भाजीवाल्यापुरतं. त्या एवढ्या मोठ्या विमानतळावर, एकटी, खुर्चीत बसलेली. तिला कुणी सावरायचं? आणि परत फिरताना तीन तास त्या विमानात तिनं काय करायचं? निरंजन म्हणाला, "मला नाही वाटत हे बरोबर. आपण सांगू, इथं आल्यावर, हाताला धरून."

"इथं आल्यावर तिला त्यांचं तोंडही दिसणार नाही."

"तो निर्णय तू घे. तुझी आई आहे."

काकांना सगळं ऐकू जात होतं. ते म्हणाले, "आणि एक सांगू का हेमा, रागावू नकोस. इथं तात्या गुरुजी बसलेत. ते म्हणतात, सुतक हे कानावर पडल्यापासून. बायकोला नवऱ्याचं पुरे दहा दिवस, मग महिन्यानं कळलं तरी तेव्हापासून दहा. पण जोवर ऐकलं नाही तोवर नाही. तू लेक, तुला तीन दिवस, ते बाळंतपणाआधी होऊन जातील. वहिनींना सांगितलंस तर त्यांना बाळाला हात लावता यायचा नाही. त्या मानतात, तुला ठाऊक आहे. मग एवढ्या लांब येऊन त्या कोपऱ्यात बसणार आणि तू एकटी. तेव्हा सध्या सांगूच नकोस. बाळंतपण होऊ दे. अण्णांनाही तेच आवडलं असतं."

मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे जिवंत माणसं फार लवकर ठरवतात. मला काकांचा रागच आला. पण आई मानत होती हे खरंच होतं. शेजारणीच्या दिराचं सुतक आहे म्हणून तिनं आठवडाभर तिच्याकडचं विरजण घेतलं नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिनं बाळाला दुरूनच बघितलं असतं, आणि मला आई हवी होती. हे मी स्वतःशी तेव्हाही लपवलं नाही. मला फार भीती वाटत होती आणि मला आई हवी होती.

"काका, थांबू नका," मी म्हणाले. "तुम्ही अग्नी द्या."

निरंजननं कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. विमान दुबईला टेकलं. पुढचं विमान वेळेवर सुटलं. मग ते इराणवरून, रशियावरून, वर वर सरकत गेलं. खाली आकडा दिसायचा, अकरा हजारांतले किती किलोमीटर उरले. तिकडे कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर अण्णांना घेऊन गेले असतील, अग्नी दिला असेल, माणसं घरी परतली असतील. अंतर कमी कमी होत होतं आणि मला वाटत होतं, ते संपूच नये. ती हवेत आहे तोवर तिचं काही गेलेलं नाही.

विमानतळावर जाताना मी तोंडावर पाणी मारलं, काजळ घातलं. थाप तयार होती. आई उतरल्या उतरल्या अण्णांना फोन लाव म्हणणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. अण्णांचं वाक्यच होतं, पोचल्याचं कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही. तर सांगायचं, कराडला रस्ता खणलाय, आख्ख्या पेठेतले फोन बंद आहेत, काकांकडून निरोप गेलाय. निरंजननं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शाळेत कविता पाठ करताना अण्णाही असंच म्हणवून घ्यायचे.

आई चाकाच्या खुर्चीतून आली. ढकलणारा एक उंच सरदारजी होता, आणि तिच्या मांडीवर पिशव्यांचा ढीग. केस विस्कटलेले, डोळे लाल. चौदा तास झोप नसेल, मी मनात म्हटलं. मला बघून ती खुर्चीतून उठली, माझ्या गालावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी बोलायला तोंड उघडलं. ती घाईनं म्हणाली, "आता काही बोलू नकोस. आधी घरी चल. पाय बघ कसे सुजलेत, उभी कशाला राहिलीस?"

गाडीत ती निरंजनला सांगत होती, अधिकाऱ्यानं वेखंड हुंगून बघितलं आणि शिंकतच सुटला, डिंकाचे लाडू मात्र सोडले. पोचल्याच्या फोनचं नाव तिनं काढलं नाही. दमली असेल, मला वाटलं. दुसऱ्या दिवशीही काढलं नाही. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. पाठ केलेली थाप पोटात मावत नव्हती. मी म्हटलं, "कराडचे फोन बंद आहेत गं. रस्ता खणलाय."

आई कढईत हळीव परतत होती. मान वर न करता म्हणाली, "असतील. पावसाच्या तोंडावर खणायचं त्यांना बरोबर सुचतं."

तेवढंच. मी हुश्श केलं. मनात म्हटलं, सुटले. देवानंच तिची बुद्धी फिरवली.

तिनं घर ताब्यात घेतलं. निरंजनला साजूक तुपाचा डबा कुठे ठेवायचा यावरून बोलणी बसली. अण्णांच्या जुन्या धोतरांची मऊ दुपटी तिनं शिवून आणली होती. ती गरम पाण्यात घालून वाळवली, त्यांच्या चौकोनी घड्या घातल्या. मी न्हाणीघरात शॉवर सोडून रडायचे आणि डोळ्यांत साबण गेला म्हणायचे. साबण बदल मग, ती म्हणायची. ती स्वतः मात्र न्हायला गेली की फार वेळ लावायची. पाण्याचा आवाज थांबल्यावरही बाहेर येत नसे. इथल्या नळाचं गरम-गार तिला जमत नसेल, असं मला वाटे.

पाचव्या दिवशी कळा सुरू झाल्या. आई माझ्या उशाशी उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंना मराठीत हुकूम सोडत राहिली. त्या बाई सगळं कळल्यासारखं मान हलवत होत्या. मुलगी झाली, मुठीएवढी पण ठणठणीत. नर्सनं ती पहिल्यांदा आईच्या हातात दिली. आईनं तिच्याकडे खूप वेळ बघितलं. "नाक त्यांचं घेतलंय," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. माझा जीव टांगणीला लागला. आता म्हणेल, फोन लाव, आजोबांना सांगू या. ती वळली तेव्हा हसत होती. "पेढे कुठले मिळायचे इथं? जिलबी तरी आणा म्हणावं जावईबापूंना."

घरी आल्यावर तेल, अंघोळ, शेक सगळं रीतसर सुरू झालं. ओव्याची धुरी दिली त्या दिवशी आगीचा भोंगा वाजला आणि सबंध इमारतीची माणसं पायजम्यात खाली उतरली. आई बाळ पोटाशी धरून त्यांच्यात उभी राहिली. एका म्हाताऱ्या गोऱ्याला ती म्हणाली, "एवढंसं धुरानं भिता, मग बाळंतपणं कशी करता?" निरंजन हसून हसून खाली बसला. मीही हसले, आणि हसता हसता आठवलं की तिकडे अण्णांचे दिवस चालू आहेत, आज दहावा आहे. तिच्या कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं. मला माझ्या हसण्याची शिसारी आली.

बारसं करायचं आईनंच ठरवलं. निरंजनच्या ओळखीची चार मराठी घरं आली. आमच्याहून वडीलधाऱ्या लीलाताई वाकणकर, त्यांची सून, आणखी दोघीतिघी. घुगऱ्या झाल्या, पाळणा फुलांनी सजवला. निरंजनच्या बहिणीनं मॉन्ट्रियलहून येऊन कानात नाव सांगितलं. मग लीलाताई म्हणाल्या, "आता बाळंतिणीची ओटी. आजी, पहिला मान तुमचा. या."

तांदूळ, नारळ, खण, सगळं ताटात होतं. आईनंच ते सकाळी काढून ठेवलं होतं. मी पदर पुढे धरला. आई दाराजवळ उभी होती. ती जागची हलली नाही.

"या ना आजी."

"तुम्ही भरा," आई म्हणाली. "मी नको."

"अहो, असं कसं? आईचा हात हवा."

"तुम्ही सवाष्ण आहात, तुम्ही भरा." आवाज अगदी साधा होता, वाढप करताना बोलावा तसा. तिच्या लक्षात आलं, तशी ती चटकन म्हणाली, "माझा हात चिकट झालाय. घुगऱ्या वाढल्यात ना." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

लीलाताईंनी ओटी भरली. माझ्या पदरात नारळ पडला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आईसारखी बाई हात धुऊन आली असती. धावत आली असती. लेकीची ओटी भरायचा मान तिनं कुणाला दिला नसता, दुसऱ्या बाईला तर नाहीच.

पाहुणे गेले. निरंजन बहिणीला सोडायला स्टेशनवर गेला. आईनं बाळाला दूध पाजायला माझ्याकडे दिलं, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढला, पाळण्यात निजवलं. दुपटं गळ्यापर्यंत ओढलं. त्यावरून दोनदा हात फिरवला. मग माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दुबईला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"नाशिकची एक मुलगी होती शेजारी, तिच्याकडे फोन होता. म्हटलं, अर्ध्यापर्यंत सुखरूप आले, एवढं ह्यांना सांगावं. नाहीतर बसतील जागत. तिनं नंबर लावून दिला." आई पाळण्याकडे बघत बोलत होती. "भावजींनी उचलला. एवढ्या सकाळी आपल्या घरी भावजी कशाला असतील? आणि मागं बायका रडत होत्या, शेजारच्या नलूचा आवाज ओळखला मी. भावजी म्हणाले, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं. मग ते माझ्या कानावर पडलं असतं. मी फोन ठेवून दिला."

"आई…"

"त्या पोरीला म्हटलं, विचार गं, मुंबईला परत जायचं विमान आहे का? तिनं विचारलं. तासाभरात होतं. म्हणाली, मावशी, तीन तासांत मुंबई. तुमची पुढची फ्लाइट आहे ती चौदा तासांची. तुम्हाला बरं वाटत नसेल तर मी सांगते त्यांना." आईनं बोटं मोजली. "तीन तास मागं ते. चौदा तास पुढं तू. मी बसून राहिले तिथं. उठायचा प्रयत्न केला बघ एकदा. मुंबईच्या दाराकडे चार पावलं गेलेसुद्धा."

मी रडत होते. आम्ही इथं बसून जो हिशोब केला, कोण सांगणार, कोण सावरणार, कसं परतवायचं, तो सगळा तिनं तिथं एकटीनं केला होता. काकांनी तिच्यासाठी रात्रीपर्यंत थांबवलं असतं. मीच नको म्हटलं होतं. मी तिला ते सांगितलं, सगळं, जसं झालं तसं. "तुला त्यांचं तोंड दिसलं असतं गं. का नाही गेलीस परत?"

"ते गेले होते," आई म्हणाली. "त्यांच्याकडे जायला आता उशीर कसला व्हायचा होता? तुझ्याकडे उशीर झाला असता. एकदा झाला होता."

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं. आईनं पदर सारखा केला.

"अठरा दिवस मी रोज आरशासमोर उभी राहून कुंकू लावलंय. न्हाणीघरात नळ सोडून तोंडात पदर कोंबायचे, तुला ऐकू जायला नको. तूही तेच करत होतीस, मला कळत होतं. पण जवळ घेऊ कशी? घेतलं असतं तर तू सांगितलं असतंस." ती माझ्याजवळ सरकली. माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले. "आता बारसं झालं. पोर धडधाकट आहे, तूही उठून बसलीस. उद्यापासून दहा दिवस मी त्या कोपऱ्यातल्या खोलीत बसेन, बाळाला हात लावणार नाही. अंघोळ तू घाल. पाणी कोपरानं बघत जा, फार कढत नको. समजलं?"

"समजलं."

"मग आता सांग."

"काय?"

"जे सांगायचंय ते. मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तू सांग मला."

मी तिच्याकडे बघितलं. दुबईपासून ती हे एकच वाक्य अडवून बसली होती. मला ते बोलता येईना. ती वाट बघत राहिली, लहानपणी पाढे म्हणताना माझं अडलं की बघायची तशी.

"आई," मी म्हणाले, "अण्णा गेले."

"कधी?" तिनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आतच तिनं असा हंबरडा फोडला की पाळण्यात पोर दचकून जागी झाली आणि रडायला लागली. आईचे हात सवयीनं पाळण्याकडे गेले. मग ते मागे घेऊन तिनं आपल्याच छातीशी घट्ट धरले आणि ती बाळाच्या रडण्याबरोबर रडत राहिली.